पडद्यावरचे काकपद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे आमचे चांदूर रेल्वे. बडनेऱ्याहून वर्ध्याकडे गाडीने निघालात तर धामणगावच्या आधी आमचे स्टेशन लागते. परगावी कोणी विचारले, ‘कुठले?’ आणि आपण नुसते ‘चांदूर’ म्हटले, की जाणकार माणूस लगेच पुढचा प्रश्न टाकतो, ‘बाजार की रेल्वे?’ त्यामुळे ‘रेल्वे’ हा शब्द म्हणजे आमच्या गावाला लावलेले शेपूट नव्हे. तो गळला तर माणूस भलत्याच गावी पोचतो. माणसाचे जे होते तेच पत्राचेही होते.

आज मी त्या एका शब्दाची, आणि तो जिथे पडायला हवा होता त्या जागेची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट संगणकाची आहे. पण मी काही संगणकाचा तज्ज्ञ नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तरुणपणी काही वर्षे छापखान्यात खिळे जुळवले, पुढे तेच काम संगणकावर केले. त्या ओघात जे समजले ते, मला समजले तशाच भाषेत सांगतो.

साल २००६. माझी भाची नुकतीच पदवीधर झाली होती. एका नोकरीचा अर्ज इंटरनेटवरून भरायचा होता, आणि तोही मराठीत. घरात मराठी टाइप करणारा मी एकटाच. ‘मामू है ना’ म्हणून सगळे निर्धास्त. आम्ही दोघे सायबर कॅफेत गेलो. त्या अर्जाच्या पानावर सोय अशी होती की, आपण इंग्रजी अक्षरे दाबायची आणि चौकटीत मराठी उमटत जायचे. मला फार कौतुक वाटले. नाव भरले, शिक्षण भरले, पत्ता भरला. पत्त्यात लिहिले, ‘मु. पो. चांदूर, जि. अमरावती’. लिहून झाल्यावर लक्षात आले, अरे, ‘रेल्वे’ राहिले! मग माउसने ‘चांदूर’च्या पुढे टिचकी मारली, एक जागा सोडली आणि ‘रेल्वे’ टाइप केले. चौकट अरुंद होती, सगळा पत्ता एकदम दिसत नव्हता. पिनकोडचा रकाना सक्तीचा नव्हता, तो मी रिकामाच सोडला. अर्ज पाठवून आम्ही चहा प्यायला गेलो.

मुलाखतीचे पत्र आले ते मुलाखत होऊन चार दिवस झाल्यावर. पाकिटावर ‘चांदूर, जि. अमरावती’ एवढाच पत्ता होता आणि त्याखाली कोणीतरी लाल शाईने ‘बाजार’ असे लिहून नंतर खोडले होते. पोस्टमन म्हणाला, ‘भाऊ, हे पाकीट पयले बाजारले गेलं होतं.’ भाचीने पाकीट हातात घेऊन एवढेच विचारले, ‘मामू, पत्ता तो तुमनेच लिखा था ना?’

मी त्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने भरलेला अर्ज काढून दाखवला. त्यात लिहिले होते, ‘मु. पो. चांदूर, जि. अमरावती रेल्वे’. ‘अमरावती रेल्वे’ म्हणजे काय ते त्यांना कळले नाही, म्हणून पाकिटावर पत्ता उतरवताना त्यांनी तो शब्द गाळला. त्यांचेही चुकले असे म्हणता येईना. मी तर शब्द ‘चांदूर’च्या पुढे लिहिला होता. तो शेवटी कसा जाऊन पडला?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून बरीच वर्षे गेला नाही. त्याचे उत्तर मला तुकड्यातुकड्याने मिळत गेले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

छापखान्यात प्रुफे तपासताना ओळीत एखादे अक्षर राहिले असेल तर आम्ही दोन अक्षरांच्या मधे खालून एक टोकदार खूण करायचो आणि राहिलेले अक्षर समासात लिहायचो. या खुणेला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : काकपद. म्हणजे कावळ्याचा पाय. हाताने पोथ्या लिहिणारे लेखकही राहिलेल्या मजकुरासाठी ही खूण करीत. इंग्रजीत तिला ‘कॅरट’ म्हणतात. तो शब्द मूळचा लॅटिन, आणि त्याचा अर्थ ‘कमी आहे’. संगणकाच्या पडद्यावर जी उभी रेघ लुकलुकत असते, जिला आपण सर्रास कर्सर म्हणतो, तिलाही जाणकार ‘कॅरट’च म्हणतात. नाव अगदी नेमके आहे. ‘इथे काहीतरी यायचे आहे,’ असे ती रेघ सांगत असते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही रेघ अक्षरावर नसते, दोन अक्षरांच्या मधे असते. कुंपणाचे खांब आणि खांबांमधली जागा, यात जो फरक तोच इथे. सहा अक्षरे असतील तर रेघ उभी राहू शकेल अशा जागा सात : पहिल्या अक्षराच्या आधी एक, शेवटच्या अक्षराच्या नंतर एक आणि मधल्या पाच. संगणक या जागांना शून्यापासून क्रमांक देतो. सुरुवातीची जागा शून्य, सहा अक्षरांनंतरची जागा सहा.

दोन अक्षरांच्या मधे टिचकी मारावी आणि सरळ लिहू लागावे, हे आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की यात कोणी काही शोधले असेल असे मनातही येत नाही. पण एके काळी संगणकावर मजकूर दुरुस्त करायचा तर आधी ‘आता मी घुसवणार आहे’, ‘आता मी खोडणार आहे’ अशी वेगवेगळी आज्ञा द्यावी लागे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७०च्या दशकाच्या मध्यात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात माउसने जागा दाखवायची आणि लिहायचे, एवढेच. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही आज शाळकरी पोरांनाही येणारी त्रिसूत्री टेस्लर यांच्याच नावाशी जोडली जाते. २०२० साली फेब्रुवारीत ते गेले.

आता मजकूर निवडण्याविषयी. आपण माउस दाबून एखादा शब्द रंगवतो, तेव्हा संगणकाच्या दृष्टीने दोन जागा ठरतात. निवड कुठे सुरू झाली आणि कुठे संपली. म्हणजे दोन आकडे. काहीच रंगवलेले नसेल, नुसती रेघ लुकलुकत असेल, तर हे दोन्ही आकडे सारखेच. कर्सर म्हणजे रिकामी निवड, असे म्हटले तरी चालेल. हे दोन आकडे हाती आले की लिहिण्याचे सगळे काम तीन तुकड्यांचे होते. पहिल्या आकड्यापर्यंतचा जुना मजकूर घ्या, त्याला नवा मजकूर जोडा, त्यापुढे दुसऱ्या आकड्यानंतरचा जुना मजकूर लावा. मधे जे रंगवलेले होते ते आपोआप गळाले. शेवटी एक काम उरते. रेघ उचलून नव्या मजकुराच्या पुढे ठेवायची, म्हणजे पुढचे अक्षर तिथेच पडेल.

हे शेवटचे काम विसरले तर काय होते? पानावरच्या प्रोग्रॅमने चौकटीतला मजकूर बदलून नवा भरला, की बहुतेक ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पाने दाखवणारे प्रोग्रॅम, रेघ थेट शेवटी नेऊन ठेवतात. पहिले अक्षर बरोबर जागी पडते आणि बाकीची शेपटाला जाऊन लागतात. आणि जागा विचारायचीच राहून गेली, तर पहिल्यापासून सगळीच अक्षरे शेवटी. आमचे ‘रेल्वे’ असे गेले.

आपण म्हणाल, इंग्रजी लिहिणाऱ्यांना हा त्रास कसा होत नाही? त्याचे कारण सोपे आहे. इंग्रजीत कळ दाबली की अक्षर घालण्याचे काम ब्राउझर स्वतःच करतो. रेघ कुठे आहे हे त्याला ठाऊक असते, पानाच्या प्रोग्रॅमला मधे पडावे लागत नाही. संगणकातच मराठीचा कळफलक बसवून घेतला, उदाहरणार्थ इन्स्क्रिप्ट, तरीही असेच होते. पण २००५-०६च्या सुमाराला फार थोड्या लोकांच्या संगणकावर मराठी बसवलेली असे. सायबर कॅफेतल्या संगणकावर तर ती बसवण्याची मुभाही नसे. म्हणून काही हुशार मंडळींनी पानातच सोय केली. आपण ‘के’ची कळ दाबली की पानातला प्रोग्रॅम ती मधेच अडवतो आणि चौकटीत पाय मोडलेला ‘क्’ ठेवतो. मग ‘ए’ दाबले की मागे वळून पाहतो, ‘क्’चा पाय काढतो आणि पूर्ण ‘क’ करतो. ‘आय’ दाबले तर ‘कि’ करतो. ओंकार जोशी यांचे ‘गमभन’ हे अशा सोयींपैकी एक गाजलेले नाव. आज आंतरजालावर जे मराठी लेखन दिसते, त्यातल्या कितीतरी लोकांचे पहिले मराठी वाक्य अशाच एखाद्या चौकटीत उमटलेले आहे. त्या मंडळींचे ऋण मोठे आहे.

पण पाहा, ‘मागे वळून पाहतो’ असे मी म्हटले. मागे म्हणजे कुठे? रेघेच्या लगेच मागे. तेव्हा प्रत्येक कळ दाबली जाताना पानातल्या प्रोग्रॅमला ब्राउझरला विचारावे लागते, ‘बाबा रे, रेघ आत्ता कुठे आहे?’ इंग्रजी पानावर हा प्रश्न एखाद्या वेळी पडतो, मराठी पानावर तो कळीगणिक पडत होता. आणि गंमत अशी की, या एका साध्या प्रश्नाला वेगवेगळे ब्राउझर वेगवेगळ्या भाषेत उत्तर देत.

त्या काळी बहुसंख्य लोक मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर वापरत. नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली आणि हळूहळू तोही पसरू लागला. फायरफॉक्सचे उत्तर सरळ होते. ‘सिलेक्शनस्टार्ट’ आणि ‘सिलेक्शनएंड’ असे दोन आकडे तो चौकटीबरोबरच देई. रेघ सहाव्या जागी असेल तर दोन्ही आकडे सहा. विषय संपला.

एक्स्प्लोरर आकडा देतच नसे. तो म्हणे, ‘ही घ्या निवड.’ म्हणजे निवडलेला मजकूरच एक वस्तू म्हणून हातात देई. ती खोडा, बदला, तिच्या जागी दुसरे काही लिहा, सगळे करता येई. पण ती सुरुवातीपासून कितव्या जागी आहे, हे विचारायची सोय नव्हती. वाटेत उभ्या असलेल्या माणसाला फोनवर विचारावे, ‘किती लांब आलास?’ आणि त्याने म्हणावे, ‘हा काय, इथेच आहे.’ तशातली गत. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी युक्ती काढली. त्या निवडीची एक नक्कल करायची, नकलेचे मागचे टोक चौकटीच्या सुरुवातीपर्यंत ताणत न्यायचे आणि त्या पट्ट्यात किती अक्षरे बसली ती मोजायची. जेवढी अक्षरे तेवढाच जागेचा क्रमांक. वेशीपासून त्या माणसापर्यंत दोरी लावून अंतर मोजण्यासारखे.

यामुळे अशा पानांच्या प्रोग्रॅममध्ये तीन फाटे असत. ब्राउझर आकडे देत असेल तर असे करा. तो निवड देत असेल तर तसे करा. यातले काहीच देत नसेल तर नवे अक्षर मजकुराच्या शेवटी जोडून द्या. तिसरा फाटा नाइलाजाचा होता, पण वरवर पाहणाऱ्याला त्यातला दोष दिसत नसे. कारण प्रोग्रॅम तपासणारा माणूस चौकट उघडतो, सरळ एक वाक्य लिहितो आणि म्हणतो, ‘चालते.’ सरळ लिहीत जाताना रेघ शेवटीच असते. शेवटी जोडले काय आणि रेघेपाशी जोडले काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो मधे जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला.

दोरी लावून मोजण्यातही खोच होती, आणि ती नेमकी कवींना बोचणारी. आपण एंटर मारून नवी ओळ सुरू करतो, त्याला एक्स्प्लोरर दोन खुणा मोजत असे. ही टाइपरायटरच्या काळातली पुण्याई. नवी ओळ म्हणजे तिथे दोन कामे : गाडा परत उजवीकडे ढकलणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. म्हणून खुणा दोन. फायरफॉक्स मात्र चौकटीच्या आत तिला एकच खूण धरी. गद्य लिहिणारा परिच्छेद संपेपर्यंत एंटर मारत नाही, त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. कवितेत प्रत्येक ओळीला एंटर. बारा ओळींच्या कवितेत शेवटच्या ओळीवर येईपर्यंत दोघांच्या मोजणीत अकराचा फरक पडलेला असे. त्यात आणखी एक भर होती. निवडीच्या शेवटी येणारी नवी ओळ एक्स्प्लोररच्या मोजणीतून गळून जाई. म्हणजे दोन कडव्यांच्या मधल्या रिकाम्या ओळीवर रेघ ठेवली, तर ती रिकाम्या ओळीवर आहे की आधीच्या ओळीच्या शेवटी, हे नुसते अक्षरे मोजून कळतच नसे. माझ्या कितीतरी कडव्यांमधली ती रिकामी ओळ त्या काळात कुठे गेली हे मला फार नंतर कळले.

पडद्यावर अक्षरांचा कळफलक दाखवून त्यावर माउसने टिचकी मारायला लावणारी पानेही होती. तिथे निराळाच पेच होता. अक्षरावर टिचकी मारली की संगणकाचे लक्ष चौकटीवरून उडून त्या अक्षराकडे जाई आणि एक्स्प्लोररमध्ये निवडही तिकडे जाई. मग ‘रेघ कुठे आहे?’ याचे उत्तर ‘चौकटीत नाहीच’ असे येई. शहाणा प्रोग्रॅम लिहिणारा चौकट सोडण्याआधीच जागा टिपून ठेवी. बाकीच्यांची अक्षरे पुन्हा शेवटी.

हे झाले ब्राउझरचे. आता आपल्या लिपीकडे वळू. कारण जागेचा आकडा मिळाला तरी तो नेमके काय मोजतो, हा प्रश्न उरतोच. ‘चांदूर’ या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणाल तीन : चां, दू, र. संगणक म्हणेल सहा : च, काना, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. ‘रेल्वे’ आपल्या हिशेबाने दोन अक्षरे, संगणकाच्या हिशेबाने तीही सहाच : र, मात्रा, ल, पाय मोडण्याची खूण, व, मात्रा. मला हे ऐकून नवल वाटले नाही. छापखान्यात जुळारी अक्षरे मोजत नसे, खिळे मोजत असे, आणि काना हा वेगळा खिळा असे. १९९१ साली युनिकोड हे जगातल्या लिप्यांसाठीचे प्रमाण पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. त्यात देवनागरीला १२८ घरांची जागा मिळाली. तिची मांडणी भारतात आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणाच्या धर्तीवर आहे. तिथेही व्यंजन वेगळे, काना वेगळा, वेलांटी वेगळी. संगणक जुळाऱ्याच्या वाटेनेच गेला.

म्हणून माझ्या पत्त्यात ‘चांदूर’पासून मोजले तर ‘रेल्वे’ घालण्याची जागा तिसरी नव्हे, सहावी. आधीची एक मोकळी जागा आणि ‘रेल्वे’चे सहा मिळून सात. रेघ तेराव्या जागी जाऊन थांबायला हवी. वाचणाऱ्याच्या अक्षरांनी मोजणारा प्रोग्रॅम केला असता तर ‘रेल्वे’ थेट ‘चां’ आणि ‘दू’च्या मधे घुसले असते.

मराठीत याहून नाजूक जागा आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. एका रफारात समुद्राची दरी होते. हा दुसरा, आडवा रफार संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत त्यासाठी खास वेगळा ‘ऱ’ आहे, तेव्हा ‘दऱ्या’ पाच खुणांचा. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि तिच्यापुढे जोडणीची एक अदृश्य खूण, तेव्हा तोच शब्द सहा खुणांचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. मोजणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र एका जागेचा फरक. ‘गझल’ आपण मराठीत झ घालून लिहितो. हिंदीत ज खाली टिंब देतात. ते टिंबाचे ज एक खूण म्हणूनही लिहिता येते, किंवा ज आणि टिंब अशा दोन खुणांनीही. म्हणून दिसायला सारखे असलेले दोन शब्द, एक तीन खुणांचा आणि एक चार खुणांचा. सुरेश भटांच्या अमरावतीत गझलेच्या मात्रा मोजत वाढलेला मी, पण ही मोजणी माझ्या स्वप्नातही नव्हती.

ऱ्हस्व वेलांटीचेही तसेच. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या रांगेत क आधी, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे दिसते. म्हणजे रांगेतला क्रम एक आणि डोळ्याला दिसणारा क्रम दुसरा. हा फरक खरा कळतो तो मराठी ओळीत एखादा उर्दू शब्द उर्दू लिपीत घातला तर. मी ते कधी कधी करतो. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, मधला उर्दू शब्द उजवीकडून डावीकडे. रांगेत सगळी अक्षरे वाचण्याच्या क्रमानेच उभी असतात, पण पडद्यावर त्या शब्दापुरती दिशा फिरते. दोन्ही लिप्या जिथे भेटतात त्या सांध्यावर एकाच क्रमांकाच्या जागा पडद्यावर दोन दिसू शकतात. सांध्यावरून माउस ओढून मजकूर रंगवला तर रंगलेला भाग मधेच तुटल्यासारखा दिसतो. तो तुटलेला नसतो, रांगेत सलगच असतो.

मग आज काय स्थिती आहे? ब्राउझरांमधला भेद बराचसा मिटला. मार्च २०११मध्ये आलेल्या एक्स्प्लोररच्या नवव्या आवृत्तीने ते दोन आकडे द्यायला सुरुवात केली. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘एचटीएमएल ५’ हे पानांच्या भाषेचे प्रमाण अधिकृतपणे शिफारस म्हणून जाहीर झाले. त्यात चौकटीतली निवड कशी विचारायची आणि कशी बसवायची हे लिहून ठेवलेले आहे. चौकटीच्या आत नवी ओळ ही एकच खूण धरायची, हेही ठरले. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररला निरोप दिला. मोबाइलवर मराठी कळफलक सहज मिळू लागल्याने पानातल्या सोयीची गरजही पुष्कळ कमी झाली.

तरी प्रश्न पुरता संपलेला नाही. साध्या मजकुराच्या रकान्यात हे दोन आकडे मिळतात, पण ई-मेल आणि संख्या यांसाठीच्या खास रकान्यांत ते विचारण्याची सोय प्रमाणानेच ठेवलेली नाही. आणि कित्येक अर्जांची पाने आपण लिहीत असतानाच मजकुराला हात लावतात. कोणी दोन मोकळ्या जागांची एक करतो, कोणी नको असलेले चिन्ह काढतो, कोणी इंग्रजी अक्षरे मोठी करतो. असा हात लावून मजकूर पुन्हा भरला आणि रेघ परत जागेवर ठेवली नाही, की मधे लिहिणाऱ्याची अक्षरे आजही शेवटी जाऊन पडतात.

म्हणून अनुभवाचे चार शब्द. पानातल्या सोयीपेक्षा संगणकातला किंवा फोनमधला मराठी कळफलक वापरा. अरुंद रकान्यात पत्ता भरलात तर संगणकावर ‘होम’ आणि ‘एंड’ या कळा दाबून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मधे दुरुस्ती केली असेल तर जरूर वाचा. मात्रा किंवा वेलांटी चुकली असेल तर रेघ त्या अक्षराच्या पुढे ठेवून ‘बॅकस्पेस’ने मागे या. ते बहुतेक ठिकाणी एकेक खूण काढते. ‘डिलीट’ पुष्कळदा सगळे जोडाक्षर घेऊन जाते. आणि जे तरुण मित्र अशी पाने तयार करतात त्यांना हात जोडून विनंती की, तपासताना नुसते सरळ लिहून पाहू नका, मधे जाऊन एक शब्द घालून पाहा. पहिल्या झटक्यात बिनचूक लिहिणारे थोडे. बाकी सगळे जग मागे वळून दुरुस्त करणारे आहे. ज्यांना लिहिण्याची सवय नाही, जे पहिल्यांदाच अर्ज भरायला बसतात, ते तर सर्वांत जास्त. त्यांनाच चौकट दगा देते, आणि कागदावर चूक मात्र त्यांचीच दिसते.

माझ्या भाचीची ती नोकरी हुकली ती हुकलीच. तिने मला नंतर कधी बोल लावला नाही. आज ती एका खासगी शाळेत शिकवते. शिष्यवृत्तीचे आणि परीक्षांचे अर्ज भरायला मुले तिच्याकडे येतात. मागे एकदा मी तिच्याजवळ बसलो होतो. तिने एका मुलीचा पत्ता भरला, सगळा बरोबर होता. तरी ती परत मागे गेली, ‘चांदूर’च्या पुढचे ‘रेल्वे’ खोडले आणि त्याच जागी पुन्हा लिहिले. मग ‘एंड’ दाबून ओळीचा शेवट पाहिला. मी काही न बोलता पाहत होतो. ती म्हणाली, ‘मामू, बीच में लिखके देखना पडता है.’